ब्रेक दाबला की स्टिअरिंग का थरथरते?

मोटारगाडी आता आमच्यासारख्या पगारदार कुटुंबांच्या दारातही उभी दिसू लागली आहे. कुणी कर्ज काढून घेतो, कुणी दोघे भाऊ मिळून घेतात, कुणी आमच्यासारखी दुसऱ्याने वापरलेली घेतो. आपण गाडी चालवायला शिकतो, परवाना काढतो, विम्याचे पैसे वेळेवर भरतो. पण गाडी बिघडली की ती गॅरेजवाल्याच्या हवाली करतो आणि बाहेरच्या बाकड्यावर चहा पीत बसून राहतो. तो सांगेल तो आजार आणि तो लिहील ते बिल! डॉक्टरला आपण निदान चार प्रश्न तरी विचारतो. गॅरेजमध्ये तेवढेही विचारत नाही. यंत्रातले आपल्याला काय कळते, असे आपणच ठरवून टाकलेले असते.

आमच्या गाडीच्या एका बिघाडाने आम्हांला हे प्रश्न विचारायला शिकवले. बिघाड तसा नेहमीचाच आहे आणि वाचकांपैकी अनेकांनी तो अनुभवलाही असेल. गाडी सरळ रस्त्यावर छान चालते, कसलाही आवाज नाही. पण ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. वेग जास्त असला की थरथर जास्त, आणि वेग कमी होत गेला की एकेक हिसका वेगळा जाणवतो. पाय काढला की सारे शांत.

आम्ही नाशिकला राहतो. घरातल्या आजींचे हृदयाचे उपचार मुंबईच्या एका रुग्णालयात चालू होते आणि महिन्यातून एकदा तरी त्यांना तिकडे न्यावे लागे. त्यांना गुडघ्यांचाही त्रास. एस.टी.ची पायरी चढणे किंवा कल्याणला लोकल बदलणे त्यांना झेपत नव्हते, म्हणून तर ही जुनी गाडी घेतली. चालवायला आमचा मुलगा. वय २४, स्वभावाने शांत. नाशिकहून मुंबईकडे निघाले आणि इगतपुरी मागे टाकले की कसारा घाटाचा उतार लागतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला आणि घाट टाळणारी वाट मिळाली. आमची हकिकत त्याआधीची, २०२३ सालची आहे. तेव्हा घाटाला पर्याय नव्हता.

पावसाळ्याच्या आधी मुलाने पहिल्यांदा सांगितले, "ब्रेक मारला की स्टिअरिंग हलतंय." आम्ही गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथे त्यांनी चारही चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून दिले. थरथर होती तशीच राहिली. पुन्हा नेली, तेव्हा सांगितले की पुढच्या दोन्ही डिस्क वाकल्या आहेत, डिस्क आणि पॅड दोन्ही बदलावे लागतील. साडेआठ हजार रुपये झाले. आजींच्या दोन महिन्यांच्या औषधांना तेवढेच लागत. पण गाडी सुधारली, म्हणून कुणी काही बोलले नाही.

साधारण पाच हजार किलोमीटर झाले आणि थरथर परत आली. या वेळी गॅरेजवाल्याने हिशेबच वेगळा मांडला. "माल चांगलाच टाकलाय. तुमचा पोरगा ब्रेकवर उभा राहतो, त्यानं नव्या डिस्कसुद्धा वाकवल्या. पुन्हा बदलाव्या लागतील."

वाचकहो, बिघाडाचा खर्च माणूस कसाबसा सोसतो. पण हे एक वाक्य घरभर पसरले. चुलते म्हणाले, तरण्या पोरांचा पाय जडच असतो. आत्या म्हणाल्या, हृदयाच्या पेशंटला असल्या गाडीतून नेऊच नये. आम्हांला ते पटत नव्हते. मुलाच्या शेजारी बसून आम्ही कितीदा तरी घाट उतरलो होतो आणि तो दुसऱ्या गिअरमध्ये, बेताने गाडी उतरवतो हे डोळ्यांनी पाहिले होते. पण पटत नाही म्हणून भागत नाही, त्याला पुरावा लागतो. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या फेरीला मात्र त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दुसरा ड्रायव्हर बघा. आजीला काही झालं तर माझ्यावर येईल." त्या महिन्यात आजींची तपासणी चुकली.

आमच्या वसाहतीत एक काका राहतात. एस.टी.च्या कार्यशाळेत त्यांनी आयुष्य काढले आणि निवृत्त झाले. त्यांचे हात अजून स्वस्थ बसत नाहीत. कुणाची सायकल, कुणाचा पंखा, कुणाचे शिवणयंत्र त्यांच्याकडे असतेच. त्यांना आम्ही सगळे सांगितले. त्यांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी मुलाला समोर बसवले आणि एखाद्या डॉक्टरसारखे विचारायला सुरुवात केली. त्यांचे प्रश्न आम्ही त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले. ते आणि त्यांनी सांगितलेला प्रत्येक प्रश्नाचा अर्थ इथे देत आहोत.

पहिला प्रश्न : ब्रेक न दाबता, नुसत्या ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते का? थरथरत असेल तर दोष बहुधा चाकात किंवा टायरमध्ये असतो. चाकाचे वजन एका बाजूला जास्त झालेले असते, रिम वाकलेली असते किंवा टायरला फुगवटा आलेला असतो. त्याला बॅलन्सिंग हा उपाय आहे. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर बॅलन्सिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न : थरथर हातात येते की बुडाखाली? स्टिअरिंग हलत असेल तर दोष पुढच्या चाकांकडे पाहावा. सीट आणि गाडीचा तळ हलत असून स्टिअरिंग स्थिर असेल, तर मागच्या चाकांकडे पाहावे. मागच्या चाकांना ड्रम असतील तर ते गोल राहिलेले नसतात. याची खात्री करण्याची एक रीत आहे, पण ती सरावलेल्या माणसानेच, मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, ४० च्या आसपासच्या वेगाला करावी. हँडब्रेकचे बटण अंगठ्याने दाबून धरायचे आणि दांडा अगदी हळू ओढायचा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. त्यामुळे तेव्हा हादरे आले तर दोष मागे, आणि आले नाहीत तर मागची चाके बहुधा निर्दोष. बटण सोडून ओढले तर दांडा अडकून चाके लॉक होतील, म्हणून ते दाबूनच धरायचे. ज्या गाड्यांचा हँडब्रेक विजेच्या बटणावर चालतो, त्यांत हा प्रयोग मुळीच करू नये.

तिसरा प्रश्न : थरथर कोणत्या वेगाला सर्वांत जास्त असते, आणि ब्रेक गार असताना असते की तापल्यावर? आमच्या मुलाने सांगितले, ७० ते ९० च्या दरम्यान जास्त. गार असतानाही असते आणि घाटात वाढते.

चौथा प्रश्न : ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का? प्रवास संपल्यावर एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेले असते का? तसे असेल तर त्या चाकाच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकलेल्या असू शकतात. मग पॅड डिस्कला घासतच राहते. हे तपासताना डिस्कला हात लावू नये, चटका बसतो. हाताचा पंजा चाकापासून चार बोटे दूर धरला तरी फरक कळतो.

पाचवा प्रश्न आम्हांला सर्वांत विचित्र वाटला : शेवटची चाके कुणी काढली होती, आणि नट कशाने आवळले? मुलगा म्हणाला, डिस्क बदलल्या तेव्हा गॅरेजवाल्याने हवेच्या बंदुकीने आवळले होते. काका नुसतेच "हं" म्हणाले.

रविवारी सकाळी ते स्वतः मुलाशेजारी बसले आणि दोघे दिंडोरी रस्त्याला एक फेरी मारून आले. परत आल्यावर त्यांनी पुढची दोन्ही चाके जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे आणि लोखंडी स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, ही ताकीद त्यांनी पोरांना दोनदा दिली. चाक वर-खाली आणि आडवे हलवून पाहिले. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय-रॉडचे टोक यांत ढिलेपणा असेल तर ब्रेकची बारीकशी थरथरही हातात मोठी होऊन येते. आमच्या गाडीत तो नव्हता.

मग त्यांनी एका जुन्या डब्यातून घड्याळासारखे एक उपकरण काढले. त्याला डायल गेज म्हणतात. पायाला चुंबक असते, ते गाडीच्या लोखंडी भागाला चिकटते. गेजची सुई डिस्कच्या कडेपासून थोडी आत टेकवायची आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवायची. चाक नसताना डिस्क सैल राहू नये म्हणून नट वायसर घालून आवळून घेतलेले असतात. डिस्क फिरताना डावी-उजवीकडे किती डुलते ते काटा दाखवतो. ही मर्यादा प्रत्येक गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असते. छोट्या गाड्यांत ती साधारण ०.१ मिलीमीटर किंवा त्याहून कमी असते. आमची उजवी डिस्क ०.०४ डुलत होती. डावी ०.१६!

"झालं की, वाकली म्हणजे!" आमच्या तोंडून निघून गेले. काका म्हणाले, "थांबा. डिस्क वाकली, की ती वाकडी बसली, हे अजून कुठं कळलंय?"

त्यांनी डिस्क आणि हब यांच्यावर खडूने एकेक खूण केली आणि डिस्क काढली. मागे हबचा पृष्ठभाग दिसला. त्यावर जुन्या गंजाचे पापुद्रे चिकटलेले होते. एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीत. नवी डिस्क टाकणाऱ्याने जुनी काढली आणि नवी त्या गंजावर तशीच बसवली होती. पाटाच्या एका पायाखाली खडा आला की पाट डुगडुगतो, तसा हा प्रकार. हबजवळ गंजाचा नखभर पापुद्रा, तर डिस्कच्या कडेला त्याचा परिणाम दुप्पट होतो, कारण कडा मध्यापासून दूर असते.

काकांनी गंज फुंकरीने किंवा हवेने उडवू दिला नाही. ओल्या फडक्याने आधी धूळ पुसून घेतली. जुन्या ब्रेकच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते छातीत गेले तर वर्षांनंतर रोग होतो, हे त्यांनी कार्यशाळेत पाहिलेले होते. मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हबचा पृष्ठभाग चकचकीत केला, डिस्कची आतली बाजूही साफ केली. हबवर गेज लावले, काटा ०.०२ च्या पुढे गेला नाही. म्हणजे हब सरळ होता. तीच डिस्क त्याच खुणेवर परत बसवून मोजली. ०.०५!

मुलाने काट्याकडे दोनदा वाकून पाहिले. डिस्क वाकलेली नव्हतीच.

आता वाचक विचारतील, डिस्क वाकडी बसली होती, तर पहिले पाच हजार किलोमीटर गाडी नीट कशी चालली? आम्हीही हेच विचारले. याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

डिस्क नुसती डुलत असेल तर ब्रेक दाबल्यावर फारसे जाणवत नाही. कॅलिपर पिनांवर सरकता असतो, तोही डिस्कबरोबर थोडा डुलतो. खरा घोटाळा होतो ब्रेक न दाबलेला असताना. डिस्कचा जो भाग बाहेर आलेला असतो, तो प्रत्येक फेऱ्यात पॅडला हलकेच घासून जातो. आमच्या गाडीचे चाक एका फेऱ्यात सुमारे १.८ मीटर पुढे जाते. म्हणजे एका किलोमीटरला साधारण ५५० फेरे, आणि पाच हजार किलोमीटरला साडेसत्तावीस लाख. एवढ्या वेळा एकाच जागी घासले गेले की डिस्क तिथे झिजते, किंवा पॅडचा मसाला तिथे थरासारखा बसतो. दोन्हींचा परिणाम एकच. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही.

मग ब्रेक दाबला की जाड भाग पॅडांमध्ये आल्यावर चाक जास्त अडते आणि पातळ भाग आल्यावर कमी अडते. ८० च्या वेगाला आमचे चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२ वेळा चाक मागे ओढले जाते आणि सुटते. ती ओढ टाय-रॉडमधून स्टिअरिंगपर्यंत येते आणि आपल्याला थरथर जाणवते. जाडीत एक-दोन शतांश मिलीमीटरचा फरकही त्याला पुरतो. माणसाचा केससुद्धा त्याहून जाड असतो! काकांनी मायक्रोमीटरने डाव्या डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. सर्वांत जाड जागा आणि सर्वांत पातळ जागा यांत ०.०३ मिलीमीटरचा फरक निघाला.

म्हणूनच नवी डिस्क टाकली की गाडी लगेच सुधारते, गॅरेजवालाही खूश आणि मालकही. मूळ दोष हबवर तसाच बसलेला असतो. तो चार-सहा महिन्यांत नव्या डिस्कलाही तीच वाट दाखवतो. मग पुन्हा डिस्क, पुन्हा बिल आणि दोष ड्रायव्हरचा.

हे ब्रेक असे उघडे का ठेवतात, असा प्रश्न आमच्या धाकटीने विचारला. तोही बरोबरच आहे. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले होते, पण तो बराच काळ फारसा वापरात आला नाही. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या गाड्या डिस्क ब्रेक लावून जिंकल्या. त्यानंतर हळूहळू तो साध्या गाड्यांतही आला. ड्रम झाकलेला असतो, त्यात उष्णता कोंडते आणि ब्रेक कमजोर पडतो. डिस्क वाऱ्यावर असते, म्हणून लवकर निवते. पण उघडी असल्याने पाणी, चिखल आणि गंजही तिच्याच वाट्याला येतो.

ही उष्णता किती असते त्याचा अंदाज घ्या. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत रस्ता सुमारे ३०० मीटर खाली उतरतो. माणसांसह हजार किलोची गाडी तेवढी खाली उतरवताना जी ऊर्जा आवरावी लागते, तिच्यात नऊ लिटर गार पाणी उकळीला येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा भाग इंजिन आवरते. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये उतरवली तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर पडतो. त्यातही घाट उतरून आल्यावर ब्रेक लालबुंद तापलेले असताना पेडल घट्ट दाबून उभे राहिले, तर पॅडचा ठसा डिस्कच्या त्याच जागी उमटू शकतो. म्हणून ड्रायव्हरच्या सवयीनेही हा बिघाड होऊ शकतो, हे काकांनी नाकारले नाही. "पण त्याच्या पायानं झालं असतं तर दोन्ही चाकं सारखी बिघडली असती. एकाच चाकात हा फरक आणि त्याच चाकाच्या हबवर गंज. ह्यात पोराचा पाय कुठून आला?" असे ते आम्हां सर्वांसमोर, चुलत्यांच्या देखत म्हणाले.

उरलेले काम सोपे होते. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. आमच्या डिस्कवर १५ मिलीमीटर होती आणि प्रत्यक्षात साडेसोळाच्या वर शिल्लक होती. म्हणून डिस्क फेकण्याचे कारण नव्हते. दोन्ही डिस्क लेथवर नेऊन दोन्ही बाजूंनी अगदी थोडे थोडे फेसिंग करून घेतले. किमान जाडीच्या खाली जात असतील तर मात्र असे करू नये, त्या बदलाव्याच. पॅडचा चकाकणारा थर सपाट जागी पॉलिश पेपरवर घासून काढला. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठी मिळते ते ग्रीस लावले. दोन्ही हब साफ झाल्यावर डिस्क बसवून पुन्हा मोजले. डावी ०.०४, उजवी ०.०३.

शेवटी नट. काकांनी ते समोरासमोरचे असे आळीपाळीने, दोन टप्प्यांत आवळले आणि अखेरचा जोर टॉर्क पान्याने दिला. छोट्या गाड्यांना तो साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. हवेच्या बंदुकीने एक नट कमी आणि एक भलताच जास्त आवळला जातो, त्याने सरळ डिस्कही तिरकी ओढली जाते. पंक्चरच्या दुकानातून चाक लावून आलो आणि काही दिवसांनी थरथर सुरू झाली, असे ज्यांना आठवत असेल त्यांनी आधी नट सैल करून नीट आवळून पाहावेत. त्याला एक पैसा लागत नाही.

मग मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून २० पर्यंत बेताने ब्रेक लावायचा, पुन्हा थोडे चालून वारा लागू द्यायचा, असे वीस-पंचवीस वेळा केले. त्याने पॅड आणि डिस्क एकमेकांना सगळीकडे सारखी लागतात. हे सगळे होऊन बिल झाले लेथवाल्याचे ६०० रुपये आणि ग्रीस, पॉलिश पेपरचे किरकोळ. काकांनी चहाखेरीज काही घेतले नाही.

नवीन गाडीवाल्या वाचकांसाठी एक खुलासा. २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना अँटी-लॉक ब्रेकची व्यवस्था असते. अचानक जोरात ब्रेक मारला, विशेषतः ओल्या रस्त्यावर किंवा वाळूवर, तर पेडल पायाखाली खडखडते आणि घरघर आवाज येतो. तो बिघाड नाही. चाके घसरू नयेत म्हणून ती व्यवस्था काम करीत असते. घाबरून पाय काढू नये. साध्या, हलक्या ब्रेकला मात्र खडखड होत असेल तर तपासणी करून घ्यावी.

आणि एक ताकीद. थरथरीबरोबर पेडल खोल जात असेल, गाडी एकदम एका बाजूला ओढत असेल, चाकाजवळ ब्रेक ऑइल गळताना दिसत असेल किंवा चाक नुकतेच काढून लावल्यावर थरथर सुरू झाली असेल, तर पुढे जाऊ नये. गाडी बाजूला घ्यावी, आधी नट तपासावेत आणि जाणकाराला बोलवावे. घाट चढण्या-उतरण्याआधी तर हे पाहिलेच पाहिजे.

त्यानंतर आमच्या गाडीने पंधरा हजार किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास केला आहे. डिस्क त्याच आहेत. किल्ली मुलाकडे आहे. त्या महिन्याची चुकलेली तपासणी आजींनी पुढच्याच आठवड्यात करून घेतली, आणि घाट उतरताना त्या नेहमीप्रमाणे झोपल्या होत्या.

आम्हांला या सगळ्यात जास्त लागली ती एकच गोष्ट. एका माणसावर ठपका ठेवायला कुणाला मोजमाप लागले नाही, आणि तो पुसायला मात्र शतांश मिलीमीटरपर्यंत मोजावे लागले. गॅरेजवाला लबाडच होता असे आम्ही म्हणत नाही. त्याने डिस्क खरोखर नवी टाकली होती. त्याने फक्त मोजले नाही आणि पुसले नाही. न मोजता जे सांगितले, ते आमच्या घराने खरे मानायला सुरुवात केली होती.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. गाडीसाठी एक वही ठेवा. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, काय बदलले ते लिहा. बिघाड आला की तो कधी येतो, कुठे जाणवतो, किती वेगाला वाढतो, हे गॅरेजला जाण्याआधी लिहून काढा. डिस्क बदलायची म्हणतील तेव्हा शांतपणे विचारा, "किती डुलते? जाडी किती उरली? हब साफ केला का?" आकडा सांगता आला तर त्या कारागिराचा मान ठेवा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. सांगता आला नाही तर गाडी दुसरीकडे न्या. घरातल्या मुलींनाही बॉनेट उघडून दाखवा, मोजायला शिकवा. आमच्या धाकटीने आता तो डायल गेज लावायला शिकून घेतला आहे, आणि वसाहतीतल्या दोन गाड्यांचे हब काकांच्या देखरेखीखाली तिने स्वतः साफ केले आहेत.